नेरूल नदीतली बोट आणि वर उचलून ठेवलेला स्टर्नड्राइव्ह : एक प्रकरण अभ्यास

म्हापशातील एका व्यावसायिकाच्या मालकीची ही बोट 24 फूट लांबीची आणि फायबरग्लासची आहे. तिचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आत, मागच्या टोकाला बसवलेले असून त्याची ताकद ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीतून बाहेर पडून तिथे टांगलेल्या लेगमध्ये, म्हणजे स्टर्नड्राइव्हमध्ये जाते. मालक सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह ग्रांद बेटाकडे किंवा मांडवीतून वर दिवाडी-चोडणच्या बाजूला जातात. एरवी बोट नेरूल नदीच्या मुखाजवळ मूरिंगवर, म्हणजे पात्रात कायम टाकलेल्या नांगराच्या साखळीला बांधून, उभी असते आणि वेंगुर्ल्याकडचा एक अनुभवी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा खलाशी, तिच्यावर लक्ष ठेवतो. पावसाळ्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, ती क्रेनने उचलून एका यार्डात ठेवली जाते.

डिसेंबरच्या अखेरीस पाहुण्यांना घेऊन केलेल्या फेरीत दोन तक्रारी एकदम पुढे आल्या. सुकाणू डावीकडे किंवा उजवीकडे पूर्ण वळवले की मागून जड घरघर ऐकू येई आणि सरळ जाताना ती जवळजवळ थांबे. त्याच दिवशी परतताना बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेले पाणी बाहेर फेकणारा पंप, सतत चालू-बंद होऊ लागला. इंजिनाखाली खारे पाणी साचले होते, पण इंजिनाच्या कूलिंगच्या नळ्या कोरड्या होत्या. मालकांचा समज असा झाला की गिअर गेला असावा, आणि त्या समजुतीनेच बोट तपासणीसाठी माझ्याकडे आली.

घरघर केवळ वळणावर येते, याचा अर्थ बहुधा जिंबल बेअरिंग असा असतो. इंजिनापासून लेगपर्यंत जाणारा दांडा या बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या पुढे युनिव्हर्सल जॉइंट असतात, कारण लेगला डावी-उजवीकडे वळायचे असते आणि वर-खालीही व्हायचे असते. हे सगळे लोखंडी काम समुद्राच्या पाण्यापासून वाचवण्याचे काम घड्या असलेली एक रबरी नळी करते, तिला बेलोज म्हणतात. एक बेलोज युनिव्हर्सल जॉइंटभोवती, दुसरी एक्झॉस्टसाठी आणि तिसरी, बोटाइतकी बारीक, गिअर बदलण्याच्या केबलभोवती असते. तिन्ही पाण्याच्या रेषेखाली आहेत. बोटीच्या मागच्या फळीला पडलेले मोठे भोक काही मिलिमीटर जाडीच्या रबराने झाकलेले आहे, हे ज्याला एकदा समजले तो लेग कोणत्या स्थितीत ठेवायचा हा प्रश्न किरकोळ मानणार नाही.

क्रेनने बोट उचलल्यावर लेग पूर्ण खाली सोडायला लावला आणि कोणतेही नट सैल करण्याआधी तो नुसता पाहिला. बोटीच्या तळावरची शेवाळाची रेषा पाण्याच्या पातळीला समांतर, सरळ होती. लेगवरची रेषा मात्र तिरकी होती. ट्रान्समजवळच्या वरच्या भागापासून निघून ती मागे खाली उतरत प्रोपेलरच्या जवळून जात होती. तिच्या पुढच्या बाजूला बार्नॅकलचे, म्हणजे पाण्यातल्या वस्तूंना चिकटून वाढणाऱ्या समुद्री जीवांचे, टोकदार पांढरे कवच दाट चिकटलेले होते, तर मागच्या बाजूचा रंग जवळपास नवा होता. खाली सोडलेल्या लेगवर अशी तिरकी रेषा उमटण्याचे एकच कारण संभवते : बोट महिनोन्‌महिने लेग पूर्ण वर उचललेल्या स्थितीत पाण्यात उभी होती, आणि वर उचलूनही त्याचा बराच भाग पाण्यातच होता.

तांडेलाला विचारले तेव्हा त्याने ते लगेच मान्य केले. "शेठ, उधाणाच्या सुकतीक लेग रेतयेत रुतता, म्हणान वर काढून ठेवतंय." सुकती म्हणजे ओहोटी. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, हे पुढे येईलच. मालकांनी मात्र वेगळे कारण सांगितले : शेजारच्या मूरिंगवरच्या सगळ्या बोटींची इंजिने वर उचललेली असतात, आपलेही तसेच ठेवले की पाण्यापासून वाचेल.

शेजारच्या बोटींना आउटबोर्ड, म्हणजे ट्रान्समवर पूर्णपणे बाहेर बसवलेली इंजिने आहेत, आणि सगळा घोटाळा या एका फरकात आहे. आउटबोर्ड उचलले की त्याचा गिअरकेस आणि प्रोपेलर पाण्याबाहेर येतात, म्हणून ते उचलून ठेवणे योग्यच असते. स्टर्नड्राइव्ह ही रचना 1959 साली व्होल्व्हो पेंटाने अ‍ॅक्वामॅटिक या नावाने बाजारात आणली, तेव्हापासून तिचा मूळ हिशेब बदललेला नाही : लेग ज्या बिजागरावर फिरतो ते बिजागर ट्रान्समवर खाली, पाण्याच्या पातळीजवळ असते. लेग कितीही उचलला तरी बिजागर, त्यामागचे ट्रान्समवरचे कास्टिंग, बेलोज आणि लेगचा पुढचा भाग पाण्यातच राहतो. प्रोपेलर पाण्याबाहेर आल्याचे पाहून मालकाचे समाधान होते, पण ज्या भागांना खरे जपायचे ते अधिक उघडे पडतात.

बेलोज काढल्यावर ते प्रत्यक्ष दिसले. लेग खाली असताना या नळीच्या घड्या सर्व बाजूंनी सारख्या आणि सैल असतात. लेग वर नेला की वरच्या बाजूच्या घड्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि खालच्या बाजूच्या उघडून ताणल्या जातात. खालच्या बाजूला, जिथे घड्या उघड्या राहिल्या होत्या, तिथे प्रत्येक खाचेत बार्नॅकलने बस्तान बसवले होते. मोठे कवच मुगाच्या दाण्याएवढे होते, लहान खसखशीएवढे. पाहुणे आले त्या दिवशी बटण दाबून लेग खाली आणला गेला तेव्हा उघड्या घड्या मिटल्या, आत बसलेली कवचे दोन्ही बाजूंच्या रबरात रुतली आणि पुढे प्रत्येक वळणावर आणि ट्रिमच्या, म्हणजे लेग वर-खाली करण्याच्या, प्रत्येक हालचालीवर रबर कापत राहिली. दोन घड्यांच्या तळाशी आरपार चिरा होत्या. वरच्या बाजूला कवचे नव्हती, पण तिथल्या घड्या दाबलेल्याच राहिल्या होत्या आणि वाकवल्यावर त्यांच्या कडांवर बारीक भेगा उघडत होत्या. चिरांमधून आलेल्या पाण्याने जिंबल बेअरिंग तांबेरले, त्यामागचे सील गेले आणि पाणी बोटीत उतरू लागले. घरघर आणि बिल्जमधले पाणी या दोन तक्रारी एकाच कारणाच्या होत्या.

केबलची बारीक बेलोज शाबूत निघाली, हे नशीब म्हणायचे. ती फाटते तेव्हा पाणी सरळ आत येते, आणि मूरिंगवर उभ्या बोटीची बॅटरी उतरून पंप बंद पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. मूरिंगवर बुडालेल्या स्टर्नड्राइव्ह बोटींची चौकशी करणारा कुणीही आधी बेलोजकडे पाहतो.

दुसरे नुकसान ट्रिमच्या सिलिंडरांचे. लेग उचलणारे दोन हायड्रॉलिक सिलिंडर त्याच्या दोन्ही बाजूंना असतात. लेग खाली असला की त्यांचे चकचकीत दांडे जवळजवळ पूर्ण आत गेलेले असतात. वर असला की ते पूर्ण बाहेर, खाऱ्या पाण्यात उघडे राहतात. या बोटीच्या दोन्ही दांड्यांवर बार्नॅकलचे गोल तळ चिकटलेले होते, आणि कवच खरवडून गेले तरी तो चुन्याचा तळ राहतो. दांडा आत ओढला जाताना त्या तळांनी तोंडावरचे सील ओरबाडले होते. त्यामुळे तेल झिरपत होते आणि उचललेला लेग रात्रभरात थोडा खाली सरकत असे. तांडेल सकाळी तो पुन्हा वर करी, म्हणजे आजार वाढवणारेच काम रोज नियमाने होत होते.

अ‍ॅनोडची स्थिती सर्वात बोलकी होती. लेग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे, प्रोपेलर स्टेनलेस स्टीलचा. खाऱ्या पाण्यात या जोडीतले अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाऊ नये म्हणून त्याच्याहूनही लवकर झिजणारे धातूचे गोळे, म्हणजे अ‍ॅनोड, लावतात. ते पाण्यात बुडालेले असतील तरच काम करतात. प्रोपेलरच्या वरच्या पाट्याखालचा अ‍ॅनोड पाण्याबाहेर राहिल्याने कोराच होता, तर ट्रान्समच्या कास्टिंगवरचा झिजून बोल्टच्या डोक्यापर्यंत आला होता. पाण्यात बुडालेल्या अर्ध्या लेगचे रक्षण त्या एकट्यावर आले होते आणि ते त्याला झेपले नाही. तिरक्या रेषेच्या पुढच्या बाजूला रंग फुगून त्याखाली पांढरी भुकटी जमली होती.

इथे एक जोडप्रश्न निघाला, तो स्थितीचा नसला तरी नोंदवायला हवा. बोटीच्या तळाला जीव चिकटू नयेत म्हणून लावलेला तांबेयुक्त अँटिफाउलिंग रंग यार्डातल्या रंगाऱ्याने लेगलाही फासला होता. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम यांची खाऱ्या पाण्यातली संगत अ‍ॅल्युमिनियमच्या मुळावर येते. लेगसाठी तांबे नसलेला रंग वापरायचा, ट्रान्समवरच्या कास्टिंगभोवती तळाचा रंग सुमारे 40 मिलिमीटर आधीच थांबवायचा, आणि अ‍ॅनोडला कोणताच रंग लावायचा नाही. इथे तिन्ही गोष्टी उलट झाल्या होत्या.

आता तांडेलाच्या मुद्द्याकडे. लेग खाली ठेवावा हा नियम उत्पादकांच्या पुस्तिकांत असतो आणि तो बरोबर आहे, पण तो पुरेसे खोल पाणी गृहीत धरतो. गोव्यात दिवसाला दोन भरत्या आणि दोन सुकत्या येतात, त्या दोन्ही सारख्या नसतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-सुकतीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो. भांगाच्या, म्हणजे भरती-सुकतीतला फरक कमी असतो त्या दिवसांत जिथे बोट निश्चिंत तरंगते, तिथे उधाणाच्या खालच्या सुकतीला रेती उघडी पडायची वेळ येते. पौर्णिमेनंतरच्या सुकतीला आम्ही बांबूला खुणा करून मूरिंगभोवती पाणी मोजले. बोयाच्या जागी ते 70 सेंटिमीटर भरले आणि बोट प्रवाहाबरोबर किनाऱ्याच्या बाजूला फिरते तिथे त्याहून कमी. लेग खाली असताना या बोटीला सुमारे 90 सेंटिमीटर पाणी लागते. म्हणजे तिथे लेग खाली ठेवला असता तर स्केग, म्हणजे लेगच्या तळाचा पातळ पंख, आणि प्रोपेलर रेतीवर आपटले असते, आणि मांडवीतून जाणाऱ्या मोठ्या बोटींची लाट आत आली की तो हादरा थेट ट्रान्समला बसला असता. तांडेलाने लेग उचलला नसता तर त्या हिवाळ्यात यापेक्षा मोठी मोडतोड झाली असती, असेच माझे मत आहे.

याच उथळपणामुळे आणखी एक सवय लागली होती. रेतीतून निघताना लेग निम्मा वर ठेवूनच इंजिन चालू केले जाई. वरच्या कोनात युनिव्हर्सल जॉइंट ठरलेल्या मर्यादेबाहेर वाकलेले असतात आणि जोर दिला की ठोके देतात. शिवाय कूलिंगचे पाणी ओढणारी छिद्रे लेगच्या खालच्या भागावर असतात आणि ती पाण्याबाहेर आली तर पंपाचे रबरी पाते काही क्षणांत कोरडे पडून जळते. पाते वाचले होते. जॉइंटच्या एका कपात मात्र हाताने हलवल्यावर जाणवेल इतकी ढिलाई होती.

त्यामुळे या प्रकरणात लेग वर की खाली हा वाद मुळातच चुकीच्या ठिकाणी घातला जात होता. बिघाड मूरिंगच्या जागेत होता आणि लेगचा कोन त्या जागेची भरपाई करत होता. तांडेल जागेला अनुसरून वागत होता, मालक शेजाऱ्यांना अनुसरून, आणि कोणीच पाणी मोजले नव्हते. मी मालकांना लेखी दिलेल्या अहवालात दुरुस्तीच्या यादीच्या आधी मूरिंग हलवण्याची शिफारस ठेवली, आणि ती मान्य होणार नसेल तर नव्या बेलोजवर खर्च करण्यात अर्थ नाही असेही लिहिले.

मूरिंग नदीच्या मुख्य प्रवाहाकडे, जिथे उधाणाच्या सुकतीलाही दीड मीटर पाणी राहते अशा जागी न्यायचे ठरले. नदीच्या पात्रात मूरिंगची जागा बदलणे हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा विषय नाही. त्यासाठी बंदर कप्तान खात्याकडे अर्ज करावा लागला, आणि तिथून येणाजाणाऱ्या बोटींची वाट अडू नये म्हणून साखळीची लांबी कमी करून पुढे-मागे दोन नांगर टाकावे लागले. परवानगी मिळेपर्यंतच्या काळासाठी मधला मार्ग काढला. भांगाच्या दिवसांत लेग पूर्ण खाली ठेवायचा, उधाणाच्या चार-पाच दिवसांत रेतीपासून स्केग सुटेल इतकाच उचलायचा, आणि उधाण सरताच पुन्हा खाली आणायचा. सुकाणू नेहमी सरळ ठेवायचे, कारण वळवून ठेवलेल्या लेगमुळे बेलोजची एक बाजू ताणलेली राहते. तांडेलाने भरतीचे कोष्टक केबिनच्या दारामागे चिकटवले. ते त्याला आमच्यापेक्षा चांगले वाचता येते.

मालकांनी एक वाजवी शंका काढली : लेग कायम पाण्यात खाली ठेवला तर त्यावर शिंपल्यांचा थर अधिक बसणार नाही का? बसतो, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात मांडवी आणि तिच्या खाड्यांत गोडे पाणी उतरते तेव्हा जीव कमी चिकटतात. ऑक्टोबरनंतर समुद्राचे पाणी आत सरकू लागते, मेपर्यंत नेरूलसारख्या मुखाजवळच्या जागी ते जवळजवळ समुद्राइतके खारे होते, आणि मग काही आठवडे न हललेल्या कोणत्याही पृष्ठभागावर बार्नॅकल बसतात. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांच्या अळ्यांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे, यावरून या त्रासाची व्याप्ती कळावी. पण कास्टिंगवरचा थर पाणबुड्या प्लास्टिकच्या पट्टीने महिन्या-दीड महिन्याने खरवडू शकतो, प्रोपेलरवरचा तर पाण्यात उभे राहूनही काढता येतो. रबराच्या घडीत बसलेला थर घडी मिटण्याआधी कुणी पाहिलाच तर निघतो, एरवी नाही. शिवाय बोट आठवड्यातून एकदा जरी अर्धा तास चालवली तरी थर जमण्याचा वेग मंदावतो, आणि या बोटीच्या बाबतीत तोच सर्वात स्वस्त उपाय होता.

क्वचित एखादा मालक गोड्या पाण्यात, जेटीला बांधलेली आणि दर दोन-तीन दिवसांनी वापरली जाणारी बोट लेग वर ठेवून वर्षानुवर्षे सुखाने चालवतो. अशी उदाहरणे पुढे करणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच असते की ती उदाहरणे नेरूलची नाहीत.

दुरुस्तीत तिन्ही बेलोज, जिंबल बेअरिंग व त्याचे सील, एक युनिव्हर्सल जॉइंट आणि दोन्ही ट्रिम सिलिंडरांची सील बदलली. केबलची बेलोज शाबूत असूनही बदलली, कारण लेग उतरवण्याचा खर्च एकदा झाला की त्या लहान नळीची किंमत नगण्य असते. इंजिन आणि लेग यांची सरळता तपासण्याच्या दांड्याने पाहून घेतली. नव्या बेअरिंगमध्ये दांडा जोर न लावता सरकला. गिअरच्या तेलात पाणी नव्हते, ते दुधासारखे पांढरट दिसले असते तर काम वाढले असते. अ‍ॅनोड अ‍ॅल्युमिनियमचे घातले, कारण इथले पाणी वर्षातून एकदा खाऱ्यापासून जवळजवळ गोड्यापर्यंत बदलते आणि निमखाऱ्या पाण्यात झिंकपेक्षा अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड अधिक भरवशाचा ठरतो.

राहिला पावसाळ्याचा प्रश्न. चौकशीत असे निघाले की यार्डातही जून ते सप्टेंबर लेग वरच असे. बोट ज्या ठोकळ्यांवर ठेवली जाई ते बुटके होते आणि लेग खाली केल्यास स्केग जमिनीला लागला असता. म्हणजे बेलोजच्या वरच्या घड्या मूरिंगवर जाण्याआधीच चार महिने दाबलेल्या होत्या, आणि त्यांच्या कडांवरच्या भेगांचे मूळ बहुधा तिथेच आहे. जमिनीवर तर लेग वर ठेवण्याला काहीच कारण उरत नाही. खाली सोडलेल्या लेगमधून कूलिंगच्या वाटांमधले आणि एक्झॉस्ट बेलोजमधले पाणी आपोआप निथळते. वर उचललेल्या लेगमध्ये ते अडून राहते आणि प्रोपेलरच्या पोकळ मध्यातून पावसाचे पाणीही आत उतरते. थंड देशांत ते गोठून कास्टिंग फुटते म्हणून पुस्तिकांत त्यावर इतका भर असतो. आपल्याकडे ते गोठत नाही, पण खारट चिखलासह चार महिने साचून आतून खाते, आणि कोरड्या पडलेल्या छिद्रांत कुंभारमाशी मातीचे घर करते ते वेगळेच.

रस्त्यावरून ट्रेलरने नेताना मात्र लेग उचलावाच लागतो, नाहीतर पहिल्याच गतिरोधकाला स्केग जाईल. त्या वेळी त्याचे वजन केवळ हायड्रॉलिकवर न सोडता आधाराचा दांडा लावायचा, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर तो काढून लेग खाली आणायचा. आधार नसलेल्या, उचललेल्या लेगखाली हात घालून काम करू नये हेही तांडेलाला आणि यार्डातल्या मुलांना सांगितले.

यार्डाशी बोलून कण्याखालचे ठोकळे इतके उंच करून घेतले की नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, किंचित वर आणि लेग पूर्ण खाली अशा स्थितीतही स्केगखाली वीतभर जागा राहील. कण्याच्या खाली लेग दीड-दोन फूट उतरतो, त्यामुळे क्रेनवाल्याला आधीच माप द्यावे लागते. ते माप आता बोटीच्या कागदपत्रांतच लिहिले आहे. बोट बाहेर काढल्याच्या दिवशी गोड्या पाण्याने फ्लशिंग करायचे, लेग खाली असतानाच गिअरचे तेल बदलायचे, तळाचा निचऱ्याचा बूच काढून तो सुकाणूच्या चाकाला बांधून ठेवायचा, आणि ताडपत्री अशी बांधायची की लेगभोवती हवा खेळेल व उंदरांना रबराच्या शेजारी कोरडी जागा मिळणार नाही. ऑक्टोबरमध्ये पाण्यात उतरवण्याआधी बेलोजच्या घड्या हाताने उघडून विजेरीच्या उजेडात पाहायच्या. त्यासाठी लेग थोडा वेळ पूर्ण वर करावा लागतो, आणि वर्षातले तेवढे उचलणे रास्त आहे. व्होल्व्हो पेंटा आपल्या बेलोज दर दोन वर्षांनी बदलायला सांगते, आणि इथल्या पाण्यात तीच मुदत कोणत्याही उत्पादकाच्या लेगला लावावी, अशी नोंद मी मालकांच्या देखभाल वहीत केली आहे.